अठरा राजे, एकच शेरा

आज प्रयोगशाळेच्या बाहेरचं एक उदाहरण घेऊ या. पीएचडीच्या मुलाखतीत 'कार्यकारणसंबंध कसा दाखवाल?' असं कोणीतरी विचारतंच. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण उदाहरण मागितलं की गाडी अडते. मी विज्ञानाचा विद्यार्थी असलो तरी या प्रश्नासाठी मला आवडणारं उदाहरण प्राचीन इतिहासातलं आहे : इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य का बुडालं?

आधी थोडी पार्श्वभूमी. बायबलनुसार शलमोन राजानंतर, म्हणजे इ.स.पू. ९३० च्या सुमारास, राज्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम. उत्तरेला इस्राएल, ज्याची राजधानी पुढे शोमरोन झाली. उत्तरेचं राज्य मोठं, सुपीक आणि व्यापाराच्या वाटांवर वसलेलं. तरी ते जेमतेम दोनशे वर्षं टिकलं. इ.स.पू. ७२२ च्या आसपास अश्शूरी सैन्याने शोमरोन घेतलं आणि विषय संपला.

का बुडालं, याचं उत्तर बायबलमधल्या 'राजे' या नावाच्या दोन पुस्तकांत अगदी स्पष्ट दिलंय. राजे देवाशी बेइमान झाले. पहिल्या यराबाम राजाने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं बसवली, नंतरच्या राजांनी तीच वाट धरली, काहींनी बआलची पूजा केली, म्हणून देवाने राज्य शत्रूच्या हाती दिलं. प्रत्येक राजाच्या कारकिर्दीला जवळजवळ ठरलेल्या शब्दांत शेरा मारलेला आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतो तसा.

आता हे प्रगतिपुस्तक डेटा म्हणून बघा. उत्तरेत एकूण १९ राजे झाले. त्यातल्या १८ जणांना वाईट शेरा आहे. उरलेला शल्लूम महिनाभरच टिकला, त्याला शेराच नाही. म्हणजे ज्यांचं मूल्यमापन झालं ते सगळे नापास. पण यातला जिम्री सात दिवस राज्य करतो आणि दुसरा यराबाम ४१ वर्षं. एकाच्या काळात राज्य आकसतं, दुसऱ्याच्या काळात सीमा वाढतात. स्टॅटिस्टिक्सचा पहिला पेपर दिलेल्या कोणालाही इथे थांबावं लागेल. जो व्हेरिएबल सगळीकडे एकाच किमतीचा आहे, तो फरक कसा समजावणार?

असा एकसारखा शेरा आला कुठून? मोजपट्टी दक्षिणेची होती म्हणून. या पुस्तकाच्या दृष्टीने खरी उपासना फक्त यरुशलेमच्या मंदिरात. उत्तरेच्या राजाने आपल्या प्रजेला दक्षिणेच्या राजधानीत यात्रेला पाठवलं नाही की तो नापास. १९४३ मध्ये मार्टिन नोट या जर्मन अभ्यासकाने मांडलं की अनुवाद ते राजे ही पुस्तकं एकाच विचारसरणीतून रचलेला सलग इतिहास आहे आणि त्याला आजचं रूप यरुशलेम पडल्यानंतर मिळालं. त्याच्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मुद्दा टिकला. लेखकाला शेवट माहीत होता आणि तो कारण शोधत होता. म्हणून त्याला खोटारडा ठरवायची घाई करू नका. हा माणूस वारंवार सांगतो की राजाची बाकीची कामं इस्राएलच्या राजांच्या बखरीत वाचा. म्हणजे तो चक्क संदर्भ देतोय! बखर हरवली, संदर्भ उरला.

त्याने काय गाळलं हे कळायला बाहेरचे पुरावे लागतात, आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे. अम्री राजाचंच बघा. शोमरोन शहर त्याने वसवलं, पण 'राजे'मध्ये त्याच्या वाट्याला सहा ओव्या आल्यात. अश्शूरी लोक मात्र त्याच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षं या राज्याला 'अम्रीचं घराणं' म्हणत राहिले. त्याचा मुलगा अहाब म्हणजे पुस्तकातला मुख्य खलनायक. सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल ही त्याची बायको, तिच्यासोबत बआल आला. त्याला उघड विरोध करणारा संदेष्टा एलीया. (आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात एलीयाला फार मान आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण दाखवतात.) आता ब्रिटिश म्युझियममधला कुर्ख इथला शिलालेख घ्या. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कर इथे तिसरा शल्मनेसर एका मोठ्या आघाडीशी लढला. त्या आघाडीत अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ असल्याचं तो सांगतो. रथांच्या आकड्यावर अभ्यासकांना शंका आहे, ती रास्तही वाटते. पण अहाब अश्शूरला अडवणाऱ्या आघाडीतला बडा भागीदार होता, एवढं नक्की. 'राजे'मध्ये या लढाईचा एक शब्द नाही.

म्हणजे ज्याला पुस्तक बेइमानी म्हणतं, ती बऱ्याच अंशी परराष्ट्र धोरण होती. समुद्रकाठच्या श्रीमंत शेजाऱ्याशी सोयरीक करायची तर त्याच्या देवाला आपल्या राजधानीत जागा द्यावीच लागणार.

याची उलट बाजू येहूच्या कारकिर्दीत दिसते आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. येहू हा उत्तरेतला एकमेव राजा, ज्याचं पुस्तक थोडंफार कौतुक करतं, कारण त्याने बआलचे भक्त कापून काढले. या बंडात त्याने आपल्या राजाला मारलं, ईजबेलला मारलं, शिवाय यहूदाच्या राजालाही मारलं. सीदोन आणि यहूदा हे दोन्ही मित्र एका झटक्यात गेले. मग काय झालं? यार्देनच्या पूर्वेचा सगळा मुलूख दमास्कसच्या हजाएलने घेतला, हे खुद्द 'राजे'मध्येच लिहिलंय. आणि इ.स.पू. ८४१ ची खंडणी कोरलेल्या शल्मनेसरच्या काळ्या स्तंभावर येहू, किंवा त्याचा दूत, जमिनीला कपाळ टेकून बसलाय. वर त्याची ओळख 'अम्रीचा मुलगा' अशी! ज्याने अम्रीचं घराणं संपवलं, त्याला अश्शूरी लेखनिकाने त्याच घराण्यात दत्तक देऊन टाकलं.

तेल दान इथे १९९३-९४ मध्ये सापडलेल्या फुटक्या शिलालेखात तर एक अरामी राजा, बहुधा हजाएलच, इस्राएल आणि यहूदाच्या त्या दोन्ही राजांना आपणच मारल्याचं सांगतो. नावांचे फक्त शेवटचे भाग उरलेत, त्यामुळे वाद आहे. एका खुनाचे दोन दावेदार.

अर्थात पुस्तकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. येहूचं घराणं उत्तरेत सर्वाधिक काळ, शंभरेक वर्षं, टिकलं. पुस्तकाच्या मते ते त्याच्या निष्ठेचं बक्षीस होतं.

या मॉडेलची खरी परीक्षा दक्षिणेत होते, कारण तिथे शेरे वेगवेगळे आहेत. यहूदाचा सगळ्यात वाईट राजा मनश्शे. त्याने राज्य केलं ५५ वर्षं, सगळ्यांत जास्त. सगळ्यात चांगला राजा योशीया. तो इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला फारोच्या हातून मारला गेला. हे दोन आऊटलायर 'राजे'च्या लेखकाने लपवले नाहीत, ही त्याची थोरवी. पण नंतरच्या काळात लिहिलेल्या 'इतिहास' या पुस्तकात काय होतं बघा. तिथे मनश्शे कैदेत पडतो, पश्चात्ताप करतो आणि सुधारतो. योशीया फारोच्या तोंडून आलेला देवाचा इशारा ऐकत नाही, म्हणून मरतो. दोन्ही बिंदू रेषेवर आले! कोणाच्या लॅबमध्ये कधी काय होतं यावर मी इथे बोलत नाही.

बेइमानीमुळे देव कोपतो, ही कल्पना एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धीबानला मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख सापडला. अम्रीने मवाबला पुष्कळ काळ छळलं, कारण मवाबचा देव कमोश आपल्याच भूमीवर रागावला होता, असं तो सांगतो. देवाचं नाव बदला, मॉडेल तेच. हरलो तर आपला देव रागावला, जिंकलो तर प्रसन्न झाला. अश्शूरच्या बाजूनेही हीच भाषा. मांडलिक राजा देवांपुढे शपथ घ्यायचा, त्यामुळे खंडणी थांबवणं म्हणजे शपथभंग, म्हणजे बेइमानी.

मग बदलत होतं ते काय? अश्शूरची ताकद. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात अश्शूर ढिला पडला होता, आणि नेमका तेव्हाच दुसरा यराबाम भरभराटीत होता. १९१० मध्ये शोमरोनच्या उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेल्या तेल-द्राक्षारसाच्या नोंदी मिळाल्या, त्या साधारण याच शतकातल्या. त्यातल्या माणसांच्या नावांत यहोवाही आहे आणि बआलही. ('बआल'चा साधा अर्थ धनी, त्यामुळे प्रत्येक नाव मूर्तिपूजकाचं असं समजू नका.) इ.स.पू. ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर गादीवर आला आणि नुसती खंडणी घेण्याऐवजी प्रांत खालसा करणं, माणसं हलवणं सुरू झालं. दमास्कस ७३२ मध्ये पडलं, हमाथ ७२० मध्ये. दोघांचे देव वेगळे, पूजा वेगळी, शेवट तोच. कंट्रोल ग्रुप यापेक्षा चांगला कुठे मिळणार?

शेवटच्या पंचवीसेक वर्षांत शोमरोनमध्ये सहा राजे झाले, त्यातले चार खून होऊन गेले. शल्लूमने जखऱ्याला मारलं, मनहेमने शल्लूमला, पेकहने पेकह्याला, होशेने पेकहला. माणसांशी बेइमानी ही अशी. पण तीही हवेतून आली नाही. मनहेमने अश्शूरला १,००० किक्कार चांदी दिली आणि ती श्रीमंतांकडून डोई ५० शेकेल अशी उगाहली. गणित करा : एका किक्कारात ३,००० शेकेल, म्हणजे ६०,००० माणसांवर पट्टी बसली. चांदीचं वजन ३० टनांच्या वर. इतकं झाल्यावर खंडणी द्यायची की लढायचं, यावर राजधानीत तट पडणारच. मनहेम खंडणी देणारा, पेकह लढणारा, होशे आधी अश्शूरच्या मर्जीतला. खून आणि पडझड यातलं कारण कोणतं, परिणाम कोणता? बाण दोन्ही दिशांना काढता येतो.

होशेला मिळालेला शेरा मुद्दाम वाचा. तो वाईट होता, पण आधीच्या राजांइतका नाही! आणि राज्य बुडालं ते नेमकं त्याच्याच हातून. त्याने खंडणी थांबवली, मिसरकडे दूत पाठवले. अश्शूरने त्याला कैद केलं, शोमरोनला तीन वर्षं वेढा पडला. कैदेनंतर होशेचं काय झालं, हे 'राजे' सांगत नाही. दुसरा सार्गोन २७,२९० माणसं हलवल्याचा आकडा देतो आणि शहर पुन्हा वसवल्याची फुशारकी मारतो.

बाबेल, हमाथ वगैरे ठिकाणची माणसं आणून तिथे बसवली गेली. 'राजे' सांगतं की या नवख्यांवर सिंह धावून आले, कारण त्या भूमीच्या देवाची रीत त्यांना ठाऊक नव्हती. मग अश्शूरच्या राजाने हद्दपार केलेल्यांतलाच एक याजक परत पाठवला. तो जाऊन राहिला बेथेलला, सोन्याचं वासरू जिथे होतं तिथेच.