नायलॉन की रेडियल? एका जुन्या वादाची गोष्ट

टायरच्या दुकानातला एक जुना प्रश्न तुम्ही ऐकला असेल: "नायलॉन टाकू की रेडियल?" नव्या कारला आता रेडियलच येतात, त्यामुळे वाद मिटल्यासारखा वाटतो. पण हा वाद एकेकाळी लोकांच्या जिवावर बेतला होता. आज तीच गोष्ट.

सुरुवात फ्रान्समधून. मिशेलिन कंपनीत मारियुस मिन्योल नावाचा माणूस टायर नेमका कुठे आणि का तापतो, याच्या मागे लागला होता. तेव्हाच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे असायचे. चाक फिरलं की थर आपसात घासणार आणि तापणार. मिन्योलने बाजूच्या भिंतीतले तिरके थर काढून तिथे नुसत्या तारा लावून पाहिल्या. त्या विचित्र टायरला नाव पडलं ‘माश्यांचा पिंजरा’. (घरातल्या माश्या हं, बाजारातले मासे नाहीत.)

त्यातूनच रेडियल आला. 1946 मध्ये पेटंटचा अर्ज, 1949 मध्ये ‘मिशेलिन एक्स’ बाजारात. बाजूची भिंत लवचिक, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा. त्यामुळे वळणावर भिंत वाकते, पण टायरचा तळ रस्त्याला चिकटून राहतो. पकड वाढली, टायर खूप जास्त चालू लागला, पेट्रोलही वाचलं. मग तोटा काय? किंमत जास्त, पार्किंग करताना स्टिअरिंग जड, आणि कमी वेगात खड्डा थेट कमरेला कळायचा.

इथेच अमेरिका अडली. तिथल्या लांबलचक गाड्यांना सोफ्यासारखा आराम हवा होता. शिवाय रेडियल करायचा तर कारखान्यातली यंत्रं बदलावी लागणार! म्हणून 1967 च्या सुमारास मधला मार्ग निघाला: थर तिरकेच ठेवायचे, वरून पट्टा घालायचा. पण 1973 मध्ये तेलाचं संकट आलं आणि पेट्रोल वाचवणारा टायर सगळ्यांनाच हवासा झाला.

या घाईत फायरस्टोनचा ‘500’ रेडियल लाखोंनी विकला गेला. त्यातला पोलादी पट्टा आणि रबर यांची पकड सुटायची, आणि भर हायवेवर टायरची साल निघायची. माणसं मेली. कंपनी म्हणाली, लोक हवा कमी भरतात, टायर नीट वापरत नाहीत. मला हा भाग सगळ्यात चीड आणणारा वाटतो. शेवटी 1978 मध्ये सरकारी चौकशीनंतर सुमारे 1 कोटी 45 लाख टायर परत बोलवावे लागले. पुढे 1988 मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनने फायरस्टोनच विकत घेतली.

भारतात जेके टायरने 1977 मध्ये रेडियल आणला, पण इथले खड्डे आणि ट्रकवरचा जादा माल बघता नायलॉन बरीच वर्षं टिकून राहिला. स्वस्त पडायचा, गोटा झाला की रिट्रेड करून पुन्हा रस्त्यावर.

आता जरा खाली वाकून तुमच्या कारच्या टायरची बाजू वाचा. काहींवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे आकडा दिसेल. ही अमेरिकन पद्धत. टायर किती टिकेल ते ठरवायची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या साध्या रस्त्यांवर होते. आकडा मोठा, म्हणजे झीज कमी. पकडीचा आणि उष्णतेचा दर्जा वेगळा, अक्षरात. फक्त हे सगळे दर्जे टायरवर छापते कोण? स्वतः टायर कंपनीच!