मुळशीचं पाणी आणि आपल्या वाडीतली धूळ

मंडळी, पोस्ट जरा लांबलीय. चहा घेऊन बसा.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. मुळशीच्या पाण्याजवळ लोक थांबतात, भजी खातात, फोटो काढतात. परवा एका मुलाने आईला विचारलं, "हे तळं कोणी केलं?" आई म्हणाली, "देवाने." मी शेजारीच उभा होतो, काही बोललो नाही. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितोय.

हे तळं १०० वर्षांपूर्वी टाटा कंपनीने केलं, मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून. तोपर्यंत टाटांनी लोणावळ्याकडची धरणं बांधून १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार करायला सुरुवात केली होती. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याची वीज हवी होती. कोळशाचा धूर नाही, राख नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर स्वच्छ ऊर्जा! त्या ऊर्जेसाठी मुळशी पेट्यातली भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोराचा हा मुलूख. बुडालेल्या गावांचा आकडा साधारण ५२ सांगतात.

जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतात चर खणायला सुरुवात झाली आणि लोक उठले. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. गांधीजींनी 'यंग इंडिया'त या लोकांच्या बाजूने लिहिलं. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी तर आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

इथपर्यंतचं आपण शाळेत थोडंफार ऐकलेलं असतं. पुढचं सहसा सांगत नाहीत.

काम थांबलं ते काही महिनेच. मग सरकार कंपनीच्या मदतीला आलं. हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होताच. त्या कायद्याने मोबदला मिळायचा तो कागदावर ज्याचं नाव त्याला. आणि मुळशीतल्या बऱ्याचशा जमिनीच्या कागदांवर पुण्यातल्या सावकार-जमीनदारांची नावं होती. गहाण आणि कर्ज यांच्या वाटेने जमिनी तिकडे गेल्या होत्या. नांगर मावळ्याचा, सातबारा सावकाराचा. जमीनदारांनी हिशोब केला की धरण होणारच आहे, तर दर चांगला मिळवू. कसणाऱ्याला दर नको होता, जमीन हवी होती.

म्हणजे एकाच लढ्यात दोन मागण्या होत्या. बाहेरून ते 'मुळशीकर' असे एक दिसत होते. आतून फूट पडली. शहरातले काही पुढारी हळूहळू गळाले. उरलेले तुरुंगात गेले, बायकासुद्धा गेल्या. लढा लांबला, माणसं थकली, मोबदला घेणाऱ्यांची संख्या वाढली. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामावरच्या मजुरांना नेणाऱ्या आगगाडीवर हत्यार घेऊन चाल केली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण पूर्ण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी तेव्हापासून डोंगरातून पश्चिमेला कोकणात उतरतंय.

आता हे सगळं आज का काढलं, ते सांगतो.

मी एका छोट्या गटाबरोबर काम करतो. आम्ही चौघं, ऑफिस नाही, एकाच्या घराचा ओटा आहे. आमच्या भागातल्या एका वाडीशेजारी खडी क्रशर चालतो. भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोरांच्या छातीत धूळ. आम्ही बैठक लावली, अर्ज लिहिला, सह्या घ्यायला बसलो. मागच्या बाजूला बसलेली एक आजी म्हणाली, "बाळा, जमीन त्यांची हाय, धूळ आमची हाय. सही केली तर उद्या कामाला कोण बोलवंल?" क्रशरला जमीन भाड्याने दिलेलं घर गावातलंच. त्यांच्याच शेतावर तिचा मुलगा मजुरीला जातो. त्या दिवशी सात सह्या झाल्या. घरं चाळीस आहेत.

मला राग आला होता, खरं सांगतो. "यांच्यासाठी करतोय आणि हेच मागे सरतात" असं मनात आलं. घरी येऊन मुळशीबद्दल पुन्हा वाचलं तेव्हा लाज वाटली. 'गाव' नावाचं एक माणूस नसतं. गावात मालक असतो, कूळ असतं, मजूर असतो, आणि नुकसान सगळ्यांचं सारखं नसतं. हे न ओळखता बाहेरच्याने 'आपण सगळे एक' म्हटलं, की किंमत आजीसारखी माणसं मोजतात.

गेल्या १०० वर्षांत काहीच बदललं नाही असं नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यामागे धरणग्रस्तांच्या चळवळी होत्या. नर्मदेच्या लढ्यात मणिबेलीसारख्या आदिवासी गावांनी जागतिक बँकेला चौकशी समिती नेमायला लावली आणि १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला. त्यात जमीन नावावर नसलेल्या, पण तिच्यावर पोट असलेल्या कुळाचा-मजुराचाही विचार झाला. मुळशीच्या मावळ्याला जे मिळालं नाही, ते कागदावर यायला ९० वर्षं लागली.

पण लढणाऱ्या छोट्या संस्थांची दमछाक तीच आहे, फक्त रूप वेगळं. हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने आलं, पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे. मात्र पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायला मुदत ३० दिवस, कारण पटलं तर आणखी ६०. जनसुनावणीआधी गावाला मराठीत मिळतो तो सारांश. पूर्ण अहवाल इंग्रजीत, जाडजूड. तो वाचणारा, धूळ मोजणारा, तारखेला सुट्टी टाकून जाणारा माणूस कुठून आणायचा? पैशाचं म्हणाल तर, २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत वाडीपर्यंत पोचणारी ती वाट बंद झाली. आमच्यासारख्यांना ती कधी मिळालीच नव्हती, पण ज्यांच्याकडून आम्ही धुळीचं यंत्र उसनं आणायचो त्यांचे हात आखडले.

आम्ही आता पद्धत बदललीय. सह्या नंतर. आधी आजीच्या ओट्यावर बसतो, मजुरी करणाऱ्यांचं वेगळं ऐकतो. अर्ज गटाच्या नावाने जातो, म्हणजे मजुरी तुटायची भीती कमी. काम हळू चाललंय. क्रशर अजून सुरू आहे. खोटं कशाला सांगू?

दोन विनंत्या. तुमच्या भागात जनसुनावणी लागली तर एक दिवस काढून जा, आणि जमीन नसलेलं कोणी बोललं का ते बघा. नसेल तर तिथेच उभं राहून विचारा.

दुसरी, तुमच्यापैकी कोणाचे आजे-पणजे मुळशीतून उठले असतील, तर घरातला जुना कागद, पावती, काही आठवण असेल ती मला इनबॉक्समध्ये कळवा. सावकारांच्या वह्या सापडतात. कसणाऱ्यांचं लिहिलेलं फार थोडं आहे, आणि ज्यांनी ऐकलंय ती माणसंही आता मोजकीच उरलीत.