लालाग्रंथी आणि ‘मूलपेशी’

मुखाच्या कर्करोगावरील किरणोपचाराने रोगी वाचतो, पण पुष्कळदा त्याच्या लालाग्रंथी करपतात. मग घास गिळणेही कठीण होते. या ग्रंथी पुन्हा पाझराव्यात ही आशा ज्या संज्ञेवर उभी आहे, ती ‘मूलपेशी’ प्रथम निराळ्याच अर्थाची होती. १८६८ मध्ये एर्न्स्ट हेकेल याने ‘श्टामत्सेले’ हा जर्मन शब्द योजिला तो बहुपेशीय जीवांच्या एकपेशीय पूर्वजासाठी. ‘श्टाम’ म्हणजे खोड, तसेच कुल. मराठीने मात्र मूळ पसंत केले, व ते गैर नव्हे. १९०९ मध्ये मॅक्सिमोव्ह याने सर्व रक्तपेशींच्या समान जननीस ही संज्ञा लाविली. तीस प्रयोगाचा आधार लाभला तो १९६१ मध्ये. टोरोंटो येथील टिल व मॅकुलॉक यांनी किरणदग्ध उंदरांस मज्जापेशी टोचल्या, तेव्हा त्यांच्या प्लीहेत नव्या पेशींच्या गाठी उमटल्या.

ग्रंथींची पाळी बऱ्याच उशिरा आली. २००८ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी निरोगी उंदरांच्या लालाग्रंथींतून निवडलेल्या अवघ्या १०० ते ३०० पेशी किरणदग्ध ग्रंथींत सोडल्या. ग्रंथींची रचना सुधारली, लालास्रावही परतला. मनुष्याच्या बाबतीत अशा पेशी किरणोपचारापूर्वीच काढून जतन कराव्या लागतात; कारण ग्रंथीबरोबर त्याही किरणांच्या भक्ष्यस्थानी पडतात.