डोक्यावरची डबकी

मलेरियाचा डास म्हटला की आपण जमिनीवर पाणी शोधू लागतो. डबके, दलदल, भाताचे खाचर. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर किनाऱ्यालगतच्या पाणथळीत असा डास वाढतो हे माहीत होते. पण डोंगरउतारांवरील कोकोच्या मळ्यांत दलदल नसतानाही माणसे तापाने फणफणत. मग डास येत कोठून?

कोकोला सावली लागते. त्यासाठी मळेवाल्यांनी इमॉर्टेलची उंच झाडे लावली होती. इमॉर्टेल म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद, फुलताना त्याच्यासारखाच निष्पर्ण. त्याच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड नावाच्या, अननसाच्या कुळातील वनस्पती बिऱ्हाड करतात. अननसाचा तुरा आठवून पाहा. तशाच पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साठते. घनदाट जंगलात उजेडासाठी यांतील पुष्कळ वनस्पतींना शेंड्यापर्यंत जावे लागते. इमॉर्टेलच्या विरळ माथ्यातून तो खालपर्यंत पोहोचतो, म्हणून मळ्यात त्या अमाप वाढल्या, आणि माणसाच्या जवळ. कोकोच्या सावलीबरोबर डासांची डबकीही अशी डोक्यावर आली.

या पाण्यात वाढणाऱ्या अ‍ॅनॉफेलिस बेलाटर डासाला डायर आणि नॅब यांनी १९०६ सालीच नाव दिले होते. त्रिनिदादमधील मलेरियाचा वाहक म्हणून त्याच्याविषयीचा रोझबूम व लेअर्ड यांचा निबंध मात्र १९४२ सालचा. मध्ये छत्तीस वर्षे गेली!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ हे विशीतले इंग्रज जीवशास्त्रज्ञ या कामात आले. सर्वेक्षणाची रीत साधी, पण जिकिरीची होती. झाडावर निरनिराळ्या उंचीवर माणसे बसवायची आणि अंगावर येणारे डास तासातासाने पकडून मोजायचे. आमिष म्हणजे तो माणूसच. (आज अशा कामाला आधी नीतिसमितीची परवानगी लागते.) मोजणीत दिसले की बेलाटर कोरडी हवा सोसतो, तर त्याचा जवळचा नातलग होमन्क्युलस ओलाव्याला धरून राहतो. शिवाय प्रत्येक जातीची चावण्याची वेळ ठरलेली. या वेळांचे कोडे पिटेंड्रिघ यांच्या मनातून गेले नाही. पुढे फळमाश्यांवर प्रयोग करून त्यांनी सजीवांमधील जैविक घड्याळाच्या अभ्यासाचा पाया घातला.

मळ्यांत मात्र तातडीचा प्रश्न वेगळा होता. इमॉर्टेल तोडावे तर कोकोची सावली जाते. म्हणून ब्रोमेलियाड हाताने काढून टाकण्यात आल्या आणि मोरचुदाचे द्रावण फवारण्यात आले. द्राक्षबागेतील बोर्डो मिश्रणात असते तेच हे मोरचूद. ब्रोमेलियाड पाणी मुख्यतः पानांवाटे शोषतात, त्यामुळे विषारी तांबे थेट त्यांच्या पोटात जाते. खालचे झाड टिकून राहते.