काटा, ठिगळ आणि हवा

आपल्या मंडळातील तरुण मंडळींच्या तोंडी सध्या एक शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे ‘ट्यूबलेस’. रविवारी पहाटे ही मुले गियरच्या जाड टायरच्या सायकली काढून ग्वारीघाट, मदनमहालची टेकडी, कधी थेट भेडाघाटपर्यंत जातात. आरतीनंतर प्रसाद घेता घेता चर्चा चालते ती कोणी घरी ट्यूबलेस बसवले आणि कोणाचे फसले याची. आमच्या पिढीला सायकल म्हटले की ट्यूब, सोल्युशन आणि ठिगळ हेच आठवणार. तेव्हा चाकातील हवेचा हा प्रवास वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

आपले जबलपूर हे एके काळी सायकलींचे शहर होते. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा पूर लोटायचा. त्यात आपली मराठी माणसेही पुष्कळ असत. कॅरियरला डबा, दांडीवर पिशवी आणि सीटखालच्या छोट्या चामडी पिशवीत पाना, सोल्युशनची ट्यूब, घासपेपर आणि जुन्या ट्यूबचे चार तुकडे. रस्त्यात पंक्चर झाले तर कामावर उशीर आणि उशीर झाला तर पगारात कपात, म्हणून ही पिशवी डब्याइतकीच महत्त्वाची. वर्षातून एकदा सायकल ‘ओव्हरऑईल’ व्हायची. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण तेलाशी संबंध असल्याने ओव्हरऑईल हेच मला अधिक समर्पक वाटत आले आहे. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवणे हे काम बहुतेक घरांत अंगणातच होई.

आता थोडे मागे जाऊ. रबरात हवा भरून चाकाला लावायची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाची, त्याचे पेटंट १८४५चे. पण तेव्हा सायकलच धड नव्हती, त्यामुळे ती विसरली गेली. १८८८ साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्याने डनलॉपचे पेटंट रद्द ठरले, नाव मात्र डनलॉपचेच राहिले. आपल्याकडे १९३६ साली बंगालमधील साहागंज येथे त्या नावाचा मोठा टायर कारखाना निघाला, म्हणून ते आपल्या घराघरांत पोचले.

डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की टायर सोलून काढायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. १८८९ साली असाच एक सायकलस्वार फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात आला. तीन तास खपून टायर दुरुस्त झाला, सकाळी एदुआर मिशेलिन स्वतः चक्कर मारायला गेला आणि लगेच पुन्हा पंक्चर झाले. त्याने यातून घेतलेला धडा फार मोलाचा आहे : हवेचा टायर उत्तम, पण तो बसणाऱ्याला स्वतः काढता-घालता आला पाहिजे. १८९१ साली मिशेलिनने सुटा होणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने त्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली.

योगायोग पाहा, डनलॉपच्या त्याच १८८८ सालापासून किर्लोस्कर घराणे आपल्या धंद्याचा आरंभ मोजते, तोही सायकलीपासूनच! सार्वजनिक गणेशोत्सवाच्याही पाच वर्षे आधीची ही गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिथून सायकली पाठवत आणि बेळगावात बंधू रामुअण्णा त्या विकत. पण नुसती सायकल विकून भागणार नव्हते. घेणाऱ्याला ती चालवायला शिकवायची आणि बिघडली तर दुरुस्तही करून द्यायची. पुढचा लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी सर्वांना माहीत असते, पण त्याच्या मुळाशी हे सायकलचे दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या हाती वस्तूबरोबर तिचे ज्ञानही द्यावे लागते, हे त्यांना त्या दुकानानेच शिकवले असणार, असे माझे मत आहे.

डोंगरी सायकल १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मली. मरीन परगण्यातील टेकड्यांवरून जुन्या जाड चाकांच्या सायकली सुसाट उतरवणाऱ्या पोरांतूनच जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी सायकल बांधली. खडकांवर चाकात हवा कमी ठेवली तर पकड चांगली मिळते, पण मग ट्यूब खडक आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाऊन फाटते. ट्यूबच नसली तर चिमटणार काय? १९९९ साली माविक, हचिन्सन आणि मिशेलिन या फ्रेंच कंपन्यांनी ट्यूबलेस डोंगरी टायर आणला खरा, पण त्याला खास रिम, खास टायर आणि खास किंमत! म्हणजे पुन्हा डनलॉपच्या वेळेसारखेच झाले, सोय आली पण सामान्याच्या हाताबाहेर. २००१च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक या सायकलवेड्याने साध्या रिमला चिकटपट्टी लावून, आत रबराचा चीक ओतून तेच काम घरी होईल अशी तजवीज केली. आपली मुले आज करतात ती हीच पद्धत.

ती अशी. रिम स्वच्छ पुसून आरे बसवलेल्या भोकांवरून ताणून चिकटपट्टी लावायची, वॉल्वपुरते भोक पाडायचे, वॉल्व घट्ट बसवायचा. टायरच्या कडांना साबणाचे पाणी लावून तो हातानेच चढवायचा. मग वॉल्वचा गाभा काढून एकदम जोराची हवा मारायची. हातपंपाने सहसा भागत नाही, काँप्रेसर लागतो. ‘फट फट’ आवाज करत कडा रिममध्ये बसल्या की निम्मे काम झाले. मग साठ ते शंभर मिलिलिटर चीक ओतून हवा भरायची, चाक सगळीकडून फिरवायचे आणि रात्रभर ठेवायचे. भोक पडले की सुटणारी हवा चिकातील रबराचे कण तिथे ओढून नेते, ते अडकतात आणि गोठतात. आपल्या काळ्या घोडा-सायकलीच्या अठ्ठावीस इंची रिमवर मात्र हा प्रयोग करू नये. तिची जुनी बनावट टायरची कड ट्यूबशिवाय धरून ठेवण्यासाठी नाहीच.

माझा एका तरुण मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणाला, ‘‘काका, एवढा खटाटोप कशाला? दुकानात देऊ.’’ पण आमच्या बाजारात पूर्वी जिथे तीन मिस्त्री बसत तिथे आता एकच उरला आहे आणि त्याचा मुलगा हे काम शिकलेला नाही. गोरखपूरच्या कुठल्याही इमारतीच्या जिन्याखाली पाहा, हजारो रुपयांच्या सायकली चाके बसून धूळ खात पडलेल्या दिसतील. बहुतेकींचा आजार एका पंक्चरचा. त्या उरलेल्या मिस्त्रीला मी मुलांचे ट्यूबलेस चाक दाखवले. त्याने ते हाताने फिरवून पाहिले आणि म्हणाला, ‘‘बाबूजी, हवा तो रुक जाएगी, पर काँटा देखना तो सिखाइए।’’

त्याचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडचा खरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटा, ज्याला इथे गोखरू म्हणतात. पावसाळा सरला की कडेची सराट्याची वेल वाळते आणि काटे रस्त्यावर येतात. चीक त्यांना पुरून उरतो, पण तो स्वतः काही महिन्यांत वाळतो आणि जबलपूरच्या मे महिन्यात तर लवकरच. दिवाळीनंतर आणि पुन्हा होळीच्या सुमारास वॉल्वचा गाभा काढून पातळ चीक शिल्लक आहे का ते पाहावे, नसेल तर पन्नास मिलिलिटर भर घालावी. टायरमध्ये सराटा रुतलेला दिसला तर वाटेत उपटू नये, घरी आल्यावर काढावा आणि भोक खालच्या बाजूला येईल असे चाक ठेवावे, म्हणजे चीक तिथे जमतो.