पठ्ठे बापूराव

पठ्ठे बापूराव (जन्म: ११ नोव्हेंबर, १८६६, मृत्यू: २२ डिसेंबर, १९४५) हे मराठी शाहीर, लावणीकार आणि तमाशा फडाचे मालक होते. त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष या गावी ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तमाशाच्या ओढीने त्यांनी घर आणि वतन सोडले. बहुजन आणि दलित कलावंतांच्या फडात वावरणारा कुलकर्णी त्या काळच्या समाजाला मानवणारा नव्हता. ब्राह्मण समाजाने त्यांना दूर केले.

== पवळाबाई आणि वैभवाचा काळ ==

बापूरावांच्या फडाला खरी प्रसिद्धी लाभली ती पवळाबाई हिवरगावकर यांच्यामुळे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव. नाशिक-पुणे महामार्गाने जाणाऱ्यांना ते आज टोलनाक्यामुळेच अधिक परिचित आहे. तोवर तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. महार समाजातील पवळाबाई या तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंत मानल्या जातात. बापूरावांची रचना आणि पवळाबाईंची अदाकारी यांनी मुंबईतील तिकिटाच्या तमाशा थिएटरांत गर्दी खेचली. या प्रेक्षकांत घाटावरून आलेला गिरणी कामगार मोठ्या संख्येने असे. 'मिठाराणी' हा बापूरावांचा गाजलेला वग त्यांनी छत्रपती शाहू महाराजांसमोरही सादर केला. गण, गौळण, लावणी आणि वग हे सर्व प्रकार त्यांनी हाताळले. आपण दोन लाख लावण्या रचल्याचे त्यांनी स्वतःच एका लावणीत म्हटले आहे. ही संख्या अर्थातच शाहिरी थाटाची मानावी लागते.

== आंबेडकरांचा नकार ==

महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. अस्पृश्य समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्यासाठी घेता येणार नाही, ही त्यामागील भूमिका सांगितली जाते. बापूरावांनी जातीची चौकट मोडली हे खरे. परंतु फडाची मालकी कोणाकडे आणि नाचणे कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न या नकाराने पुढे आणला. लोककलेच्या अभ्यासकांत त्याची चर्चा आजही होते.

== उतरता काळ ==

पुढे पवळाबाई आणि बापूराव यांची फारकत झाली व फडाची रया गेली. हाती आलेला पैसा टिकला नाही. १९३१ नंतर बोलपटांनी शहरी प्रेक्षक आपल्याकडे ओढून घेतला. पवळाबाईंचे १९३९ मध्ये निधन झाले. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात हलाखीत गेले आणि तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जीवनावरील 'पठ्ठे बापूराव' हा मराठी चित्रपट १९५० साली प्रदर्शित झाला. त्यांच्या लावण्या आणि गौळणी तमाशा फडांत पुढेही गायिल्या जात राहिल्या.