पेडगावहून परतीची वाट

आमचे नानाकाका तालुक्याच्या गावी पोस्टात कारकून होते. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे आणि हिशेब असा चोख की, महिनाअखेरीस एक पैसा इकडचा तिकडे व्हायचा नाही. परंतु गावात त्यांची ख्याती या गुणांमुळे नव्हती. गणेशोत्सवात जो फार्स होई, त्यात ते बावळट गड्याचे काम करीत. मालकाने 'दिवा घालव रे' म्हटले की हा गडी कंदील उचलून वेशीपर्यंत घालवायला निघे, आणि मांडवात हशा उसळे. हा विनोद सलग सात वर्षे चालला आणि सातही वर्षे लोक हसले.

पुढे आमचे आजोबा वारले. ते शाळामास्तर असल्यामुळे शाळेच्याच ओट्यावर शोकसभा भरली. नानाकाका तसबिरीपुढची समई लावायला उठले. त्यांनी समईला हात लावला मात्र, मागून कोणीतरी पुटपुटले, "आता घालवायला नेतो की काय!" आधी एक हसला, मग चार, मग पुष्कळ. नानांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी समई लावली आणि भाषण न करताच ते खाली बसले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आज इतक्या वर्षांनी कबूल केले पाहिजे.

आपल्या भाषेत 'वेड घेऊन पेडगावला जाणे' असे म्हणतात. शहाण्याने मुद्दाम वेडेपण घेतले तर ते कसे साधते, हे या म्हणीत आहे. पण पेडगावला गेलेला माणूस परत कसा येतो, याबद्दल म्हण काही सांगत नाही. नानांच्या त्या प्रसंगापासून मला या परतीच्या वाटेचेच कुतूहल लागून राहिले. ज्यांनी लाखो लोकांपुढे बुद्दूचे सोंग आणले, त्यांचे पुढे काय झाले? याचा सर्वांत भरघोस इतिहास सापडतो तो दूरदर्शनच्या पडद्यावरील विनोदी मालिकांत, इंग्रजीत ज्यांना सिटकॉम म्हणतात त्यांत. दिवाळीच्या फराळासोबत त्या इतिहासाची काही पाने वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाटकातला बावळट गडी वर्षातून एकदा भेटतो. मालिकेतला दर आठवड्याला घरात येतो, आपण जेवत असताना समोर बसतो. शिवाय या मालिकांचा एक कायदाच आहे. या आठवड्यात बुद्दूने कितीही ठेचा खाल्ल्या तरी पुढच्या आठवड्यात तो होता तसाच कोरा परत आला पाहिजे. तो शहाणा झाला की मालिका संपली! म्हणजे नटाने वर्षानुवर्षे काहीही न शिकणारा माणूस व्हायचे. अशाने सोंग अंगाला चिकटले तर नवल ते काय?

अमेरिकेतल्या बॉब डेन्व्हरचे उदाहरण पाहा. नट म्हणून नाव होण्यापूर्वी हा गृहस्थ शाळेत गणित आणि इतिहास शिकवीत असे. १९६४ साली 'गिलिगन्स आयलंड' ही मालिका सुरू झाली. वादळात सापडून निर्जन बेटाला लागलेली सात माणसे आणि त्यांच्या सुटकेचा प्रत्येक बेत आपल्या वेंधळेपणाने उधळून लावणारा खलाशी गिलिगन, असे तिचे कथानक. डेन्व्हर हा तो गिलिगन. ९८ भाग झाले आणि १९६७ साली मालिका बंद पडली. पण बंद पडली म्हणून संपली नाही. तेच भाग दुपारच्या वेळी पुनःपुन्हा दाखवले जाऊ लागले आणि नव्या नव्या पिढ्यांतली मुले शाळेतून घरी येऊन गिलिगन पाहू लागली. त्या काळच्या करारांनुसार नटाला अशा पुनःप्रक्षेपणांचा मोबदला ठराविक वेळांपुरताच मिळे. तो कायम मिळण्याची तरतूद १९७४ साली आली, आणि तीही पुढच्या कामांसाठी. म्हणजे लोकांच्या मनातला गिलिगन कायमचा, आणि त्याबद्दलचे पैसे मात्र चार दिवसांचे! डेन्व्हरने पुढे आणखी मालिका केल्या, पण १९७८ साली त्याला पुन्हा गिलिगनचीच टोपी घालावी लागली. उतारवयात तो वेस्ट व्हर्जिनिया राज्यात जाऊन राहिला आणि पत्नीच्या सोबतीने एक छोटे रेडिओ केंद्र चालवू लागला. २००५ साली तो वारला. रेडिओवर चेहरा दिसत नाही, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

त्याच काळातला दुसरा नट मॅक्स बेअर, धाकटा. बाप १९३४ साली मुष्टियुद्धातला जगज्जेता झालेला. मुलगा व्यापारशास्त्राचा पदवीधर. १९६२ ते १९७१ अशी नऊ वर्षे त्याने 'द बेव्हर्ली हिलबिलीज'मध्ये जेथ्रो रंगवला. सहावी पास झाल्याच्या घमेंडीत वावरणारा हा धिप्पाड अडाणी मुलगा अमेरिकेला इतका आवडला की, मालिका संपल्यावर बेअरला दुसरे काम देण्यास कोणी धजेना. पण हा जेथ्रो खरोखरीचा जेथ्रो नव्हता! पदवीतले शहाणपण त्याने कामी आणले. अगदी थोड्या भांडवलात त्याने स्वतःच एक चित्रपट काढला, 'मेकन काउंटी लाइन'. त्यात स्वतःसाठी भूमिका ठेवली ती सूडाने पेटलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याची. १९७४ साली हा चित्रपट आला आणि त्याने खर्चाच्या कितीतरी पट पैसा मिळवला. दोन वर्षांनी बेअरने दुसरा चित्रपट दिग्दर्शित केला. समोरचा दरवाजा बंद झाला तेव्हा हा माणूस घराचाच मालक होऊन आत आला.

जिम नेबर्सची गोष्ट आणखी गोड आहे. 'गोमर पाइल' हा त्याचा भाबडा खेडवळ तरुण आधी पेट्रोलपंपावर आणि मग १९६४ ते १९६९ या काळात नौदलाच्या मरीन पलटणीत शिपाई म्हणून अमेरिकेला हसवत होता. गोमरचा आवाज चिरका, हेल काढून बोलणारा. पण हाच माणूस गाऊ लागला की भारदस्त, खर्जातला असा काही स्वर निघे की ऐकणारा चकित व्हावा. मालिकेतही तो अधूनमधून गायला. नंतर त्याच्या गाण्यांच्या तबकड्या खपल्या, आणि १९७२ ते २०१४ या काळात इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटारशर्यतीच्या आरंभी बहुतेक दरवर्षी त्याचे गाणे झाले. मालिकेतला गोमर शेवटपर्यंत साधा शिपाईच राहिला. पण २००१ साली खऱ्या मरीन दलाने नेबर्सला मानाची बढती दिली! बावळटाला बढती द्यायला त्यांना तीन दशके लागली, एवढेच.

आता अटलांटिक ओलांडून इंग्लंडात जाऊ. १९७३ ते १९७८ या काळात बी.बी.सी.वर मायकेल क्रॉफर्डने फ्रँक स्पेन्सर नावाचा एक धांदरट नवरा उभा केला. ज्या वस्तूला हात लावील ती मोडावी असा हा प्राणी. गंमत अशी की, ते पडणे-धडपडणे, मोटारीला लोंबकळणे क्रॉफर्ड स्वतः करी. वेंधळ्या माणसाचे पडणे दाखवायला अत्यंत तोलदार शरीर लागते, हे प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. पुढे १९८१ साली 'बार्नम' या संगीतिकेत तो रंगभूमीवर तारेवरून चालला तेव्हा ते लक्षात आले. आणि १९८६ साली लंडनमध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' सुरू झाले, तेव्हा त्यातला शापित, विद्रूप गायक झाला तो हाच क्रॉफर्ड. लोक ज्या चेहऱ्याला हसत आले होते, तो अर्धा मुखवट्याआड गेला. आणि त्याच लोकांनी रुमाल काढले. या कामाबद्दल त्याला लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांतला रंगभूमीचा सर्वोच्च मान मिळाला.

'ब्लॅकअ‍ॅडर' या इंग्रजी मालिकेत तर दोन बुद्दू होते. त्यांपैकी बॉल्ड्रिक हा नोकर. १९८३ सालच्या पहिल्या पर्वात हाच नोकर चतुर होता आणि धनी मूर्ख. १९८६ साली लेखकांनी बाजू उलटवली, आणि टोनी रॉबिन्सन कायमचा मूर्ख झाला. पुढे १९९४ ते २०१४ अशी वीस वर्षे त्याने 'टाइम टीम' हा कार्यक्रम सादर केला. तीन दिवसांत एखादी जागा खणायची आणि जमिनीत कोणता इतिहास पुरला आहे ते पाहायचे. मोठमोठ्या पुरातत्त्वज्ञांना तो आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या शंका विचारी. मला वाटते, बॉल्ड्रिकने अडाणीपणाची लाज त्याच्यापुरती कायमची घालवली होती, आणि तेच त्याचे भांडवल ठरले. २०१३ साली राणीने त्याला 'सर' केले.

दुसरा बुद्दू ह्यू लॉरी, केंब्रिजचा विद्यार्थी. १९८७ साली त्याने या मालिकेत ठार मूर्ख राजपुत्र रंगवला आणि १९८९ साली तितकाच भोळा लेफ्टनंट. २००४ साली अमेरिकेत 'हाउस' ही मालिका आली. तिचा नायक तिरसट पण कुशाग्र बुद्धीचा डॉक्टर. लॉरीने तो १७७ भाग केला. निवडीसाठी त्याने पाठवलेली फीत पाहून निर्मात्यांपैकी एकाला तर तो अस्सल अमेरिकनच वाटला होता. त्या निर्मात्याच्या डोक्यात राजपुत्र जॉर्ज नव्हता, म्हणून त्याला डॉक्टर दिसला.

येथे मला या साऱ्या इतिहासाची किल्ली सापडते. सोंग नटाला चिकटत नाही. ते आपल्या डोळ्यांना चिकटते. बेटी व्हाइट या बाईंचेच पाहा. १९८५ साली 'द गोल्डन गर्ल्स' निघाली तेव्हा निर्मात्यांनी त्यांना रसिल्या, पुरुषवेड्या बाईचे काम देऊ केले होते, कारण तसेच काम त्यांनी आधी एका मालिकेत गाजवले होते. दिग्दर्शकाने ऐनवेळी अदलाबदल सुचवली आणि त्यांच्या वाट्याला भोळसट रोझ आली. वय तेव्हा ६३. पण लोकांनी त्यांचे दुसरे रूप आधीच पाहिले असल्यामुळे रोझ त्यांना बांधू शकली नाही. २०२१ सालच्या अखेरच्या दिवशी, नव्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, आणि जवळजवळ तोवर काम करीत राहिल्या.

आपल्या मराठीतही याचा दाखला आहे. मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव अवतरला, तो दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने. चिमणराव काही मतिमंद नव्हे; भाबडा, घाबरट, सदा फजिती पावणारा. एवढ्या घरोघरच्या लाडक्या माणसातून सुटणे सोपे नव्हते. पण १९९१ साली 'चौकट राजा'मध्ये त्यांनी नंदू उभा केला. खरोखरच बुद्धीची वाढ खुंटलेला हा नंदू पाहून कोणाला हसण्याचे धैर्य झाले नाही. 'हसवाफसवी'त एकाच नाटकात त्यांनी सहा माणसे रंगवली, आणि २००६ सालच्या 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधीजींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षकाला एका चेहऱ्याची सवय होऊच द्यायची नाही, अशी ही परतीची वाट.

आमच्या नानांना असे काही लाभले नाही. त्या शोकसभेनंतर त्यांनी फार्समध्ये काम केले नाही. निवृत्तीनंतर ते पोस्टाच्या ओसरीवर बसून खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अडाणी बायाबापड्यांची पत्रे लिहून देत. मुलगा मुंबईला गिरणीत, पत्र नाही. जावई नांदवत नाही. जमिनीची नोटीस आली. बाया सांगत आणि नाना ऐकून, विचार करून लिहीत. कित्येकींना ते सल्लाही देत, आणि तो मानला जाई. मी एकदा विचारले, "नाना, गावातले लोक नाही येत तुमच्याकडे?" ते म्हणाले, "गावातल्यांनी नाटक पाहिलंय रे. यांनी नाही पाहिलेलं."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र शाळेच्या ओट्यावरचे माझे हसू आठवले आणि मान वर करवेना.

वाचकहो, या दिवाळीत घरोघर विनोदी मालिका लागतील आणि त्यांतला एखादा ठोंब्या तुम्हाला पोट धरून हसवील. अवश्य हसावे, त्यासाठीच त्या नटाने आपले शहाणपण पणाला लावलेले असते. फक्त तोच माणूस पुढे कधी वेगळे काही सांगायला तुमच्यापुढे उभा राहिला, तर पहिली पाच मिनिटे गप्प बसून ऐकावे. आम्ही नानांना तेवढीही दिली नाहीत.